कप्पीला तेल

माझ्या नाकाला वास येत नाही. तरुणपणी वीटभट्टीवर होतो. तुसाच्या आणि कोळशाच्या धुरात सात-आठ वर्षं गेली, तेव्हापासून नाक नुसतं तोंडावर आहे. भात करपला, दूध नासलं, माळ्यावर उंदीर मेला, सगळं बायको सांगायची. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच झालं.

शाळा माझी चौथीपर्यंत. हे लिहिलं ते मुलीने तपासलं. ऱ्हस्व-दीर्घ तिचे, बाकी माझं.

आमचं घर आटगावपासून थोडं आत, हायवेच्या खालच्या उताराला. वर रस्त्याला लागून एक डिझेलचा पंप होता, आता बंद आहे. पंप आणि घर यांच्यामध्ये आमचं भाताचं खाचर आणि खाचराच्या कडेला विहीर. ही विहीर आम्ही दोघांनी खणली, लग्नानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात. मी खाली पहार मारायचो आणि बायको वरून घमेलं ओढायची. पाणी लागलं त्या दिवशी ती वरूनच ओरडली, "गोड हाय का बघा!" मी ओंजळभर प्यालो आणि म्हणालो, चिखल आहे. तिने स्वतः खाली उतरून प्यायल्याशिवाय काही मानलं नाही. तेव्हापासून पाडा त्या विहिरीला तिची विहीर म्हणायचा. खणली दोघांनी, नाव तिचं. मला त्याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू.

चारेक वर्षांमागे एका सकाळी हंडा खाली ठेवून ती म्हणाली, "अवो, पाण्याला घासलेटचा वास येतो."

"तुझ्या हाताला येत असंल. चूल पेटवलीस ना."

"हात राखेने धुतलं मी."

"मंग नाकाला येत असंल."

"नाक माझं चांगलं हाय. तुमचं नाय."

ते बोलणं मला लागलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर चार बायका होत्या, त्यांच्यासमोर मी म्हणालो की म्हातारीचे हात दुखतात, दोर ओढवत नाही, म्हणून वासाचं सोंग आणलंय. वास तेव्हा इतका बारीक होता की बाकी कोणाला कळला नव्हता. बायका हसल्या. ती हसली नाही. तिने रिकामा हंडा उचलला आणि वरच्या पाड्याच्या हातपंपावर गेली. तो हातपंप चढावर आहे. पूर्ण उन्हाळा ती सकाळ-संध्याकाळ दोन खेपा करत होती, साठीच्या पुढची बाई. आणि मी हट्टाने विहिरीचंच पाणी प्यायचो. घरात दोन हंडे झाले, एक तिचा, एक माझा. पाण्यावर रंगीत तवंग दिसायचा, तो मलाही दिसत होता. मी म्हणायचो पाल्याचा आहे. मला फक्त ढेकर यायचे. ते मी कोणाला सांगितलं नाही.

ती मात्र थांबली नाही. कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी भरून शहापूरला ऑफिसात घेऊन गेली. अंगठा उठवणारी बाई. पहिल्या वेळी कारकुनाने सांगितलं, अशा बाटलीत चालत नाही. दुसऱ्या वेळी सांगितलं, टेबल दुसरं. तिसऱ्या वेळी तिने झाकण उघडून बाटली टेबलावर ठेवली आणि तिथेच बसून राहिली. म्हणाली, "तुमालाच वास आला की सांगा, मंग मी जाते." अर्ध्या तासात सगळ्या खोलीला वास आला म्हणे.

त्यानंतर तपासणीवाले आले. जीपमधून एक मॅडम उतरली, आमच्या मुलीच्या वयाची, पायात बूट, हातात निळे रबरी मोजे. तिने दोरीला बांधलेली पारदर्शक नळी विहिरीत सोडली, वर काढून उन्हात धरली, मग नाकाजवळ नेली.

"आजी, तुमचं बरोबर आहे," मॅडम म्हणाली. "डिझेल आहे हे."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी जीपच्या टायरकडे बघत राहिलो. त्या वेळी 'तुझं खरं होतं' एवढे तीन शब्द बोललो असतो तर माझं काय जात होतं? तिने काही टोमणा मारला नाही. संध्याकाळी माझा हंडा तिने अंगणात ओतून दिला आणि आतल्या एका हंड्यातून आम्ही दोघं पाणी प्यायलो.

पंपाची जमिनीखालची टाकी गळत होती. किती वर्षं, देव जाणे. मॅडमने मला समजावलं की डिझेल मातीतून खाली जातं, पाण्याला भेटलं की त्याच्या डोक्यावर बसतं आणि पाण्याबरोबर उतार धरतं. कुठल्या अंगाने येतंय ते कळायला बोअर मारायला हवी होती. ती कागदावर रेघा मारत बसली तेव्हा मी म्हणालो, "कागद कशाला, मी सांगतो. विहिरीला तीन झरे हायत. दोन नदीच्या अंगाने, ते बारीक. मोठा झरा पंपाकडून. पहार मी मारलीय." मॅडमने त्याच रेषेवर पहिली बोअर मारली. सहा पुरुष, म्हणजे पस्तीसेक फूट खाली डिझेल लागलं. त्या दिवसापासून मला कामावर घेतलं. बोअरच्या पाइपांची कुलपं सांभाळायची, रोज टेप सोडून पाणी किती खाली आहे ते वहीत लिहायचं. पाण्याला टेकली की ती टेप वाजते.

मातीचंही असंच. गिरमिटाने खालची माती वर काढायची. ती काळी-निळी निघायची. पिशवीत बांधून थोडा वेळ उन्हात ठेवायची आणि मग पिशवीत एका यंत्राची चोच खुपसायची. आकडे पळायला लागायचे.

"हे कशाला?" मी विचारलं.

"आजोबा, हे यंत्र म्हणजे नाक. माणसाला येत नाही तो वासही याला येतो."

"आमच्या घरी हाय एक," मी म्हणालो.

बायको बांधावर बसली होती, ती पदर तोंडाला लावून हसली. चारचौघांत मी तिला मोठेपणा दिला तो तेवढाच.

टाकी काढली, भोवतीची माती खणून प्लास्टिकवर पसरली. मी मॅडमला सांगितलं की आम्ही रोपाच्या जागेला पाला-शेण घालून राब भाजतो, जमीन शुद्ध होते, तसं ही मातीही भाजून टाका. मॅडम म्हणाली, "आजोबा, डिझेल आहे त्यात. तुमच्या राबासकट शहापूर पेटेल." तिने त्या मातीला युरिया घातला, पाणी मारलं आणि आम्हाला दर आठ दिवसांनी फावड्याने खालीवर करायला लावली. मातीत डोळ्याला न दिसणारे जीव असतात, ते डिझेल खातात, त्यांना हवा आणि खत लागतं म्हणे. माझा विश्वास बसला नाही. बायकोचा लगेच बसला. मॅडमची जीप दिसली की ती विचारायची, "जेवली का गो तुमची जनावरं?"

पाण्याचं काम त्याहून लांबलं. बोअरमधलं पाणी उपसायचं, वरचं डिझेल पिंपात वेगळं काढायचं, खालचं पाणी कोळशाच्या पिंपांतून गाळायचं. दोन पावसाळे गेले. पाड्याला टँकर यायचा. टँकरच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून बायको ते नाक मुरडूनच प्यायची. माती खालीवर करताना एकदा ती फावड्यावर हनुवटी टेकून म्हणाली, "विहीर नीट झाली की पयला हंडा मी काढणार. तुमी नाय."

"काढ की. मी कुठं आडवा येतोय."

"तुमचा काय भरोसा."

पौषात ती गेली. भात झोडून झालं होतं, कणगी भरली होती. सकाळी चहा टाकला, जरा बरं वाटत नाही म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. चहा उतू गेला तेव्हा मी आत जाऊन बघितलं. पाड्यात लोक म्हणाले, त्या पाण्याने गेली. मी शहापूरच्या डॉक्टरला जाऊन सरळ विचारलं. तो म्हणाला, हृदयाचं होतं, पाण्याचं नाही. मी त्याचं ऐकलं. नसतं ऐकलं तर जगायचं कसं? ढेकर देत प्यालो तो मी जिवंत, आणि ती तर ते पाणी पीतच नव्हती.

आमच्यात वर्षश्राद्धाला फोटोपुढे पान वाढतात आणि पानाच्या उजवीकडे तांब्याभर पाणी ठेवतात. ते पाणी, जिथलं पाणी त्या माणसाने आयुष्यभर भरलं तिथलं असावं लागतं. दुसऱ्याच्या विहिरीचं ठेवलं तर गेलेलं माणूस परक्या दारात उभं राहिल्यासारखं तहानलेलं जातं, असं माझी आई सांगायची. मी देवभोळा नाही. पण एक ठरवलं की वर्षाच्या दिवशी तिच्या विहिरीचं पाणी ठेवायचं, तेही चांगलं झालेलं. पहिला हंडा तिचा. एवढं एक मला करायचं होतं, आणि त्या वर्षात मी दुसरं काही धरून जगलो नाही.

मॅडमचा नियम असा की लागोपाठ दोन तपासण्या चांगल्या आल्या पाहिजेत, तरच कागदावर लिहून मिळणार. पावसाळ्यानंतरची पहिली चांगली आली. दुसरी मार्गशीर्षात ठरली. ती चांगली आली की श्राद्धाच्या आधी कागद हातात.

मॅडम यायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. दुपारी विहिरीवर गेलो होतो. श्राद्धाला मुरबाडकडून मुलीच्या सासरचे येणार, पाड्याचे येणार, हंडे काढले जाणार, असं मनात चाललं होतं. सहज दोर ओढला आणि कप्पी किंचाळली. ही कप्पी तीस वर्षं किंचाळतेय. बायको मागे लागायची, "अवो, त्या कप्पीला तेल घाला. मी पाणी काढते ते अख्ख्या पाड्याला कळतं." मी म्हणायचो, उद्या. असे किती उद्या झाले. आता पाणी काढायला ती नाही, आणि मला तेल घालायचं सुचलं. जावयाच्या मोटरसायकलचं जळकं ऑइल एका डब्यात पडून होतं. मी आडव्या लाकडावर चढलो, माझ्या वयाला न शोभणारी गोष्ट, आणि कप्पीच्या दोन्ही बाजूंनी भरपूर ऑइल सोडलं. दोर ओढून बघितला. चूं नाही की चां नाही. मी तिथेच लाकडाला धरून रडलो. वर्षभरात तेव्हाच.

मॅडम आली तेव्हा मी मोठ्या ऐटीत दोर ओढून दाखवला. "बघा मॅडम, आवाज नाय."

"वा, आजोबा!" म्हणून मॅडम हसली. तिनेही वर बघितलं नाही, मीही खाली बघितलं नाही. तिने बाटल्या काठोकाठ भरल्या, बर्फाच्या पेटीत ठेवल्या आणि गेली.

दहा-बारा दिवसांनी मॅडम परत आली ती एकटी नाही. सोबत सफाईचं काम घेतलेल्या ठेकेदाराचे साहेब होते, गॉगल लावलेले. मुलगीही त्या दिवशी तयारीसाठी आलेली होती. साहेबांनी विहिरीच्या काठावरच सुरुवात केली.

"पाण्यात तेल आलंय. गेल्या वेळी नव्हतं. लोकांना टँकर फुकट मिळतोय ना, तो बंद होऊ नये म्हणून कोणीतरी टाकतंय. नाहीतर इथे मोटरसायकली धुतात."

शेजारी उभे होते ते चिडले. एक बाई म्हणाली, "आमी आमच्या पाण्यात तेल टाकू? तुमी तुमच्या बाटल्या धुता का नीट, ते बघा."

मॅडमने कागद उलगडला. त्यावर दोन आलेख होते. "हे जुनं डिझेल. याचे दात बघा, कंगव्यासारखे. आणि हे आताचं. दात नाहीत, नुसतं उंटाच्या पाठीसारखं वर आलंय. हे डिझेल नाही. गाडीच्या इंजिनचं ऑइल आहे."

इंजिनचं ऑइल म्हटल्यावर मला जावयाच्या ऑइलचा डबा आठवला. पहिल्यांदा मनात आलं ते सांगतो, लपवत नाही. गप्प राहावं. पाड्यावर संशय जाईल, जाऊदे. चार दिवस भांडतील. माझं तोंड वाचेल. पण साहेब वहीत लिहायला लागले की गावकऱ्यांनी हेतुपुरस्सर. विहिरीवर बायकोला हसल्या होत्या त्याच बायका तिच्या मयताला रात्रभर बसल्या होत्या.

"लिवू नका," मी म्हणालो. "मी घातलं."

"तुम्ही?" साहेबांनी गॉगल काढला. "तुम्हालाच तर पगार देतोय आम्ही राखायचा!"

"विहिरीत नाय घातलं. कप्पीला घातलं. गळलं असंल खाली."

मॅडमने वर बघितलं. कप्पीच्या खाली लाकडावर काळे ओघळ होते, अजून ओले. साहेब हसायला लागले. एकदोघं शेजारीही हसले. मॅडम हसली नाही.

"कशाला घातलंत, आजोबा?"

"वाजत होती."

"इतकी वर्षं वाजत होती ना?"

"तीच म्हणायची, घाला म्हणून."

 मॅडमने मोजे काढले, काठावर बसली आणि म्हणाली की कप्पी उतरवून घ्यावी लागेल, वरचा तवंग टिपून घ्यावा लागेल, पाणी उपसावं लागेल आणि मग पुन्हा दोन तपासण्या. फाल्गुन उजाडेल.

"मला एक तांब्या पायजे," मी म्हणालो. "पौषात. कोन पिणार नाय त्यातलं. फोटोपुढं ठेवायचा, नि दुसऱ्या दिवशी ओतून द्यायचा. तेवढं लिवून द्या."

"नाही ते कसं लिहू, आजोबा?"

"लिवू नका मंग. मी घेतो. माझी विहीर हाय."

तेव्हा मुलगी बोलली.  "बाबा, कोन पिणार नाय म्हणता. मंग ठेवता कोणासाठी?"

"तुझ्या आयशीसाठी."

"म्हणजे आय पिणार ना? तिला पाजणार तुमी ते? ती जिती असताना एक घोट तिने घेतला नाय त्यातला. उन्हाची चढावरनं आणायची, पण हे प्यायली नाय. आता तिला बोलता येत नाय म्हणून ठेवता पुढं?"

मला एवढं टोचून दुसरं कोणी बोललं नाही कधी. बायकोसुद्धा नाही. मी घरात गेलो आणि कणगीला टेकून बसलो.

श्राद्धाच्या सकाळी मी तिचा हंडा घेऊन वरच्या पाड्याच्या हातपंपावर गेलो. मुलगी म्हणाली, मी आणते. मी दिलं नाही. चढावर तीनदा बसलो. डोक्यावर हंडा घ्यायची मला सवय नाही, खांद्यावर घेतला, निम्मं पाणी अंगावर सांडलं. ती दोन खेपा करायची, सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि येऊन माझ्यासाठी भाकरी थापायची. मी कधी वाटेत उभा राहून बघितलं नव्हतं की ही वाट केवढी आहे. एका जागी खडकावर पायाने गुळगुळीत झालं आहे, तिथे ती नक्की टेकत असणार. मीही टेकलो.

पान वाढलं. उजवीकडे त्या पाण्याचा तांब्या ठेवला. माणसं बसली होती, व्याही, पाड्याच्या बायका, मॅडमही आली होती आणि दारातच उभी होती. भटजी म्हणाला, नमस्कार करा. मी हात जोडले आणि मोठ्याने बोललो, "तुझं खरं होतं गो. पाण्याला वास येत होता. मी लोकांसमोर तुला खोटी पाडली." भटजीला वाटलं मंत्र चुकला, तो थांबला. मुलीने माझ्या पाठीवर हात ठेवला. कोणी हसलं नाही. पण ते ऐकायला जी पाहिजे होती ती फोटोत होती, आणि फोटो आधार कार्डासाठी काढलेला, त्यात ती कोणाकडेच बघत नाही.

फाल्गुनात कागद आला. मॅडम स्वतः घेऊन आली. मी एक-एक ओळ बोट ठेवून वाचली. प्रत्येक ओळीपुढे एकच लिहिलं होतं, आढळले नाही, आढळले नाही. खाली सही, शिक्का. मॅडम म्हणाली, "आता प्यायला हरकत नाही, आजोबा. पहिलं तुम्ही काढा."

मी म्हणालो, काढतो. आणि नाही काढलं. कागद हातात घेऊन ओटीवर बसून राहिलो. मुलीला फोन लावावा असं वाटलं, लावला नाही. पाड्यात बातमी आपोआप गेली. ऊन कललं तेव्हा विहिरीकडून बायकांचं बोलणं ऐकू आलं, हंड्यावर हंडा आपटल्याचा आवाज आला. पहिला कोणी काढला ते मी विचारलं नाही. एकीने जाता जाता माझ्या ओटीवर एक भरलेला हंडा ठेवला. म्हणाली, "काका, तुमच्या घरचा." आणि गेली.

मी पेला बुडवून प्यालो. थंड होतं. चांगलं असेल. कागद चांगलं म्हणतो आणि मला कागदाचंच ऐकावं लागतं, कारण सांगणारी नाही. रोज पितो आता. पिताना पेला तोंडापाशी नेऊन जरा थांबतो, आतून कोणी काही म्हणतंय का बघतो, आणि मग पितो.